एक देश, तीन मुक्काम: स्लोव्हेनियातील एका कौटुंबिक सहलीच्या नियोजनाचे प्रकरण

हे प्रकरण एका कुटुंबाच्या दहा रात्रींच्या युरोप सहलीचे आहे. कुटुंबात पाच माणसे होती: सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, त्यांची मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात. आजी सपाटीवर तासभर आरामात चालत, परंतु गुडघ्यांमुळे जिने, विशेषतः उतरताना, त्यांना फार जड जात. आजोबांना पहिल्या महायुद्धाच्या इतिहासाची मनापासून आवड. नातीला गुहा पाहायच्या होत्या आणि पाण्यात डुंबायचे होते. गाडी चालवणारी व्यक्ती एकच, म्हणजे जावई. जायचा काळ सप्टेंबरचा पहिला पंधरवडा ठरला होता. नियोजनाच्या चर्चेत मी पहिल्यापासून होतो, त्यामुळे कोणता निर्णय कशामुळे झाला, हे येथे क्रमाने मांडता येते.

कुटुंबाने स्वतः केलेल्या पहिल्या आराखड्यात तीन देश होते: व्हेनिसमध्ये तीन रात्री, स्लोव्हेनियात चार आणि क्रोएशियात तीन. कागदावर तो आराखडा वाजवी दिसत होता. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेन क्षेत्रात आणि युरो चलनात एकदमच आला असल्याने तिन्ही देशांसाठी एकच व्हिसा आणि एकच चलन पुरणार होते, आणि नकाशावर तिन्ही ठिकाणे एकमेकांना चिकटून होती. अडचण अंतराची नव्हती, मुक्काम बदलण्याची होती. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खोली सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी दोन-तीननंतर मिळते. मधल्या वेळात पाच जणांचे सामान सांभाळत फिरावे लागते, म्हणजे प्रत्येक बदलात निदान अर्धा दिवस खर्ची पडतो. त्या आराखड्यात मुक्काम पाच वेळा बदलणार होता. शिवाय व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांतील बहुतेकांना पायऱ्या आहेत, त्यामुळे तिथले पहिले तीन दिवसच आजींच्या गुडघ्यांची परीक्षा पाहणारे ठरले असते.

मुलीचे म्हणणे होते की, इतक्या दूर जाऊन एकच देश पाहणे मनाला पटत नाही. ही भावना मी समजू शकतो. खर्च मोठा असतो आणि पुन्हा जाणे होईल की नाही, याची खात्री नसते. तरीही अशा सहलीचा आराखडा स्थळांच्या यादीपासून सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी मुक्काम ठरवावेत, तेही गटातील सर्वांत हळू चालणाऱ्या व्यक्तीला सोसतील असे, आणि मग त्या मुक्कामांवरून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल तेवढ्याच स्थळांचा विचार करावा. या कसोटीवर स्लोव्हेनिया विलक्षण सोयीचा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ २०,२७३ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे एकवीस लाख आहे. राजधानी ल्युब्लियानापासून आल्प्सच्या पायथ्याचे ब्लेड सरोवर सुमारे ५५ किलोमीटरवर आणि एड्रियाटिक समुद्रकाठचे पिरान सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पर्वत, गुहा आणि समुद्र या तिन्ही गोष्टी एकाच देशात, एका दिवसाच्या प्रवासाच्या आत मिळतात.

व्हिसाच्या दृष्टीनेही एकाच देशात राहणे सोपे पडले. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक काळ राहायचे आहे त्या देशाकडे करावा लागतो, आणि मुक्काम समसमान असतील तर जिथून प्रथम प्रवेश करायचा त्या देशाकडे. तीन-चार-तीन अशा वाटणीत एक रात्र जरी इकडची तिकडे झाली असती, तरी कोणाकडे अर्ज करायचा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. बाकी नियम ठरलेले आहेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा असावा लागतो. पासपोर्ट शेंगेन क्षेत्र सोडण्याच्या तारखेनंतर तीन महिने वैध असावा लागतो आणि तो दहा वर्षांपेक्षा जुना चालत नाही. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. आजोबांच्या पासपोर्टची मुदत अपुरी पडत असल्याचे याच टप्प्यावर ध्यानात आले, आणि विमानाची तिकिटे काढण्याआधी ते नूतनीकरण उरकून घेतले गेले.

विमानाचा निर्णय थोडा वेळ अडला. एड्रिया एअरवेज ही स्लोव्हेनियाची विमान कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेल्यापासून ल्युब्लियानाला थेट येणारी विमाने मोजकीच उरली आहेत. त्यामुळे अनेक प्रवासी व्हेनिस, झाग्रेब किंवा व्हिएन्नाला उतरून रस्त्याने येतात. तिकीट बहुधा स्वस्तही पडते. व्हेनिसहून ल्युब्लियाना सुमारे २४० किलोमीटर आहे. तरुण जोडप्याला हा पर्याय मी सुचवला असता. परंतु रात्रभराच्या विमानप्रवासानंतर वृद्ध माणसांना आणखी तीन तास गाडीत बसवणे, आणि तेही अनोळखी देशात उजव्या बाजूने गाडी चालवण्याच्या जावयाच्या पहिल्याच दिवशी, हे मला धोक्याचे वाटले. शेवटी इस्तंबूलला एकदा विमान बदलून थेट ल्युब्लियानाच्या विमानतळावर उतरायचे ठरले. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नसल्याने प्रवेशाची तपासणी ल्युब्लियानाच्या छोट्या विमानतळावर होते. मोठ्या विमानतळांवरच्या गर्दीत, पुढचे विमान गाठण्याच्या घाईत ती करून घ्यावी लागत नाही, हा या मार्गाचा मोठा फायदा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेणारी नवी प्रवेश-निर्गमन पद्धत सुरू झाली असल्याने हा मुद्दा आता आणखी महत्त्वाचा झाला आहे.

मुक्काम तीन ठरले: ल्युब्लियानात तीन रात्री, बोहिन्य सरोवराकाठी चार आणि पिरानला दोन. उरलेली दहावी रात्र परतीच्या सकाळी धावपळ होऊ नये म्हणून विमानतळाजवळ ठेवली. चर्चा सर्वांत जास्त झाली ती बोहिन्यविषयी, कारण सगळ्यांना मुक्काम ब्लेडला हवा होता. ब्लेडचे सरोवर, त्यातले बेट आणि कड्यावरचा किल्ला ही या देशाची सर्वाधिक ओळखीची प्रतिमा आहे. पण नेमके त्यामुळेच तिथे दिवसभर गर्दी असते आणि निवास महाग पडतो. बोहिन्य तेथून सव्वीस-सत्तावीस किलोमीटर आत, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात आहे. देशातले हे सर्वांत मोठे कायमस्वरूपी नैसर्गिक सरोवर असून त्याच्या पूर्व टोकाला रिब्चेव लाझ हे छोटे गाव आहे. तिथून पाण्याकाठी सपाट चालता येते, नातीला उथळ काठावर खेळता येते आणि विजेवर चालणाऱ्या बोटीने सरोवराच्या पश्चिम टोकाशी, उकांत्सला जाता येते. तोटा असा की बाहेर कुठेही जायचे म्हटले की अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. हा तोटा मी कुटुंबाला आधीच सांगितला होता. तो स्वीकारूनच त्यांनी बोहिन्य निवडले.

निवास निवडताना आम्ही एक साधा प्रश्न प्रत्येक यजमानाला विचारला: रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत? उत्तर शब्दांत नको, जिन्याचे छायाचित्र पाठवा, अशीही विनंती केली. या एका प्रश्नाने पिरानमधली बहुतेक घरे बाद झाली. जुन्या पिरानच्या गल्ल्या अरुंद, घरे उंच आणि जिने इतके उभे आहेत की, एका छायाचित्रात तो जिना जवळजवळ शिडीसारखा दिसत होता. तळमजल्यावरची खोली मिळेना, म्हणून तार्तिनी चौकाजवळ लिफ्ट असलेले हॉटेल निवडले. ते थोडे महाग पडले. व्हायोलिनवादक जुझेप्पे तार्तिनी १६९२ मध्ये या गावी जन्मले, त्यांच्या नावाचा हा चौक पूर्ण सपाट आहे आणि समुद्र त्याला लागूनच आहे, त्यामुळे आजींना खोलीतून उतरून थेट पाण्याकाठी बसता येणार होते. पिरानच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्या नेता येत नाहीत. गावाबाहेरच्या फोर्नाचे वाहनतळावर गाडी ठेवून चौकापर्यंत बसने यावे लागते, हे हॉटेल नोंदवतानाच लक्षात घेतले आणि पिरानसाठी एकच हलकी बॅग वेगळी भरायची ठरवले.

ल्युब्लियानात गाडी घ्यायचीच नाही, हे सुरुवातीलाच ठरले. शहराचा मध्यभाग २००७ पासून टप्प्याटप्प्याने मोटारींना बंद करण्यात आला आहे. तिथे चालायला त्रास होणाऱ्यांसाठी कावालिर नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या विनामूल्य फिरतात, आणि किल्ल्यावर जायला उतारावरच्या रुळांवरून चढणारा डबा आहे. वास्तुविशारद योझे प्लेच्निक यांनी या शहराला दिलेल्या रूपाचा २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांचे तिहेरी पूल, नदीकाठची बाजारपेठ आणि राष्ट्रीय ग्रंथालय हे सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्लेच्निक यांचे घर मात्र मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते आणि सोमवारी बंद असते, म्हणून त्यासाठी शनिवार धरला. रविवारी काय होते, हेही पाहावे लागले. २०२० च्या कायद्यानुसार देशातील बहुतांश दुकाने रविवारी बंद असतात. पेट्रोल पंप, स्थानके आणि मालक स्वतः चालवतो अशी काही छोटी दुकाने तेवढी उघडी असतात. आजी शाकाहारी असल्याने दोन्ही दीर्घ मुक्कामांवर स्वयंपाकघर घेतले होते, त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच सामान भरून ठेवणे आवश्यक होते. बाहेर जेवताना पनीरसारख्या ताज्या चीजचे किंवा अक्रोडाचे सारण भरलेले श्त्रुक्लि त्यांना चालत होते. पण बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाच्या झ्गान्त्सी या पदार्थावर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालण्याची पद्धत आहे आणि योता या आंबट कोबी-घेवड्याच्या रश्शात बहुधा धुरावलेले मांस असते. त्यामुळे केवळ पदार्थाच्या नावावर विसंबू नये, प्रत्येक वेळी विचारावे, असे ठरले.

गाडी चौथ्या दिवशी सकाळी, ल्युब्लियाना सोडताना घ्यायची होती. स्वयंचलित गिअरची गाडी हवी असल्यास ती फार आधी नोंदवावी लागते, कारण तिथे हाताने गिअर बदलायच्या गाड्याच जास्त असतात. जावयाने आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढला. नातीसाठी उंचावणारी बैठक सांगून ठेवली, कारण लहान उंचीच्या मुलांना ती बंधनकारक आहे. दिवसाउजेडीही दिवे लावून गाडी चालवणे तिथे सक्तीचे आहे. महामार्गासाठी इलेक्ट्रॉनिक व्हिन्येट, म्हणजे शुल्क भरून घ्यायचा रस्ता-परवाना, लागते आणि ते नसल्यास दंड ३०० युरोंपासून सुरू होतो. स्लोव्हेनियात नोंदलेल्या भाड्याच्या गाडीला ते बहुधा असतेच, तरी गाडी ताब्यात घेताना विचारून खात्री करावी.

आता या नियोजनातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, म्हणजे पाऊस. ज्युलियन आल्प्स हा युरोपातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक आहे. भूमध्य सागराकडून येणारी दमट हवा या पर्वतांवर चढते आणि तिथेच रिकामी होते. बोहिन्यभोवतीच्या डोंगरांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ऑगस्ट २०२३ च्या पुराने तर देशाच्या मोठ्या भागाचे नुकसान केले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला हवा बहुधा चांगली असते, परंतु चार दिवसांत एक दिवस पावसाचा निघेल असे धरूनच चालावे लागते. म्हणून बोहिन्यच्या दिवसांना आम्ही तारखा दिल्याच नाहीत. एक दिवस सरोवराजवळच्या वोगेल डोंगरावरच्या केबलकारचा, एक ब्लेडचा, एक सोचा नदीच्या खोऱ्याचा आणि एक पावसाचा, असे चार दिवस ठरले. स्लोव्हेनियाच्या पर्यावरण संस्थेचा हवामान अंदाज रोज संध्याकाळी पाहून दुसऱ्या दिवशी कोणता दिवस वापरायचा, ते ठरवायचे. पावसाच्या दिवसासाठी रादोव्ल्यित्सा या जुन्या गावातले मधमाशीपालनाचे संग्रहालय निवडले. तिथे पोळ्यांच्या पेट्यांच्या रंगवलेल्या लाकडी फळ्या आहेत. या देशाला मधमाशीपालनाचा एवढा अभिमान आहे की, अन्टोन यान्शा या अठराव्या शतकातील मधमाशीपालकाच्या जन्माशी जोडलेला २० मे हा दिवस जागतिक मधमाशी दिन व्हावा, असा प्रस्ताव स्लोव्हेनियानेच मांडला आणि संयुक्त राष्ट्रांनी तो २०१७ मध्ये मान्य केला.

यामुळे आगाऊ नोंदणीचा प्रश्नही सुटला. ज्या गोष्टी भरून जाऊ शकतात आणि ज्यांना हवामानाशी देणेघेणे नाही, त्याच आधी नोंदवल्या: विमान, निवास, गाडी आणि पोस्तोयना गुहेची वेळ. केबलकार, ब्लेडची नाव आणि संग्रहालये मोकळी ठेवली. निवासही विनाशुल्क रद्द करता येईल असाच घेतला, कारण व्हिसाच्या अर्जाबरोबर नोंदणी दाखवावी लागते आणि व्हिसा मिळण्याआधी पैसे अडकवणे योग्य नव्हते.

गुहेची निवड हा खरा पेच होता. स्लोव्हेनियात पाहण्यासारख्या दोन मोठ्या गुहा आहेत. श्कोत्स्यान १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिच्यातल्या भूमिगत दरीत रेका नदी वाहते आणि नदीपासून सुमारे ४५ मीटर उंचीवरच्या पुलावरून ती दरी ओलांडावी लागते. निसर्गाचे असे रौद्र रूप इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळते. परंतु त्या वाटेवर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पोस्तोयना गुहेत मात्र पाच किलोमीटरच्या फेरीपैकी सुमारे साडेतीन किलोमीटर छोट्या आगगाडीतून होतात, उरलेली दीड किलोमीटरची वाट चालायची असली तरी तिच्यावर पायऱ्या नाहीत. आजींसाठी उत्तर स्पष्ट होते. प्रश्न एवढाच होता की, बाकीच्यांनीही श्कोत्स्यान सोडून द्यावी का. माझ्या मते, सगळ्यांनी सगळे एकत्रच पाहिले पाहिजे हा आग्रह कौटुंबिक सहलींत निष्कारण त्रास देतो. म्हणून पोस्तोयना सर्वांसाठी, बोहिन्यहून पिरानला जाताना वाटेत ठेवली, आणि श्कोत्स्यान फक्त जावई व नातीसाठी, पिरानहून अर्ध्या दिवसात करायची ठरली. त्या वेळात आजी, आजोबा आणि मुलगी समुद्राकाठी राहणार होते. गुहेत बाराही महिने दहा अंशांच्या आसपास तापमान असते. समुद्रकाठच्या कपड्यांबरोबर प्रत्येकाचे जाड जाकीट हाताशी येईल असे ठेवायला मी आवर्जून सांगितले होते.

ब्लेडच्या बेटासाठीही हीच पद्धत वापरली. प्लेत्ना ही सपाट तळाची पारंपरिक नाव नावाडी उभा राहून वल्हवतो आणि बेटावर उतरल्यावर चर्चपर्यंत ९९ पायऱ्या चढाव्या लागतात. आजींनी काठावरच थांबून क्रेम्श्निता हा तिथला प्रसिद्ध क्रीमचा केक खाणे पसंत केले. बाकीचे बेटावर जाऊन आले. वोगेलचा दिवस मात्र पूर्णपणे आजींचा ठरला. उकांत्सहून सुटणारी केबलकार १,५३५ मीटर उंचीवर नेऊन सोडते, आणि हवा स्वच्छ असली तर वरच्या सज्जातूनच २,८६४ मीटर उंचीचा त्रिग्लाव समोर दिसतो. एकही पायरी न चढता राष्ट्रध्वजावर कोरलेले ते शिखर पाहायला मिळणे, ही त्यांच्यासाठी या सहलीतली सर्वांत मोठी गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी पाऊस येणार असा अंदाज आदल्या संध्याकाळी दिसल्याने वोगेल पहिल्याच मोकळ्या दिवशी उरकले, आणि मधमाश्यांचे संग्रहालय त्यानंतरच्या ओल्या दिवशी. दिवसांना आधीच तारखा दिल्या असत्या, तर केबलकार ढगात गेली असती.

सोचा खोऱ्याचा दिवस आराखड्यात सर्वांत अवघड होता आणि प्रत्यक्षातही तसाच ठरला. मार्ग असा आखला होता: क्रान्स्का गोरावरून १,६११ मीटर उंचीची व्रशिच खिंड ओलांडायची, त्रेंतामार्गे सोचा नदीच्या काठाने कोबारिदला यायचे, आणि परत खिंड न चढता मोस्त ना सोची येथे गाडी रेल्वेवर चढवून बोहिन्यच्या बोगद्यातून थेट बोहिन्यस्का बिस्त्रित्साला उतरायचे. हा रेल्वेमार्ग १९०६ मध्ये सुरू झाला आणि त्याचा बोगदा सहा किलोमीटरहून लांब आहे. खिंडीच्या रस्त्याला पन्नास नागमोडी वळणे आहेत. तो पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेण्यात आला आणि मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यांतील अनेक जण गाडले गेले. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या लाकडी प्रार्थनामंदिरापाशी आजोबा बराच वेळ थांबले. नातीला वळणांचा त्रास होईल म्हणून थांबे जास्त ठेवले होते आणि ते लागलेही.

मात्र गाड्या वाहून नेणाऱ्या रेल्वेच्या फेऱ्या दिवसात मोजक्याच असतात, आणि त्या वेळापत्रकाने कोबारिदचा वेळ खाल्ला. ऑक्टोबर १९१७ मध्ये ज्या लढाईत इटालियन आघाडी कोसळली, ती याच गावाच्या नावाने ओळखली जाते. इटालियन भाषेत गावाचे नाव कापोरेत्तो. तिथले युद्धसंग्रहालय नीट पाहायला दोन तास तरी हवेत, आणि गावावरच्या टेकडीवरचे इटालियन सैनिकांचे अस्थिस्मारक वेगळे. आजोबांना संग्रहालयात जेमतेम तास मिळाला आणि स्मारक खालूनच पाहावे लागले. ते काही बोलले नाहीत, परंतु परतल्यावर मुलीने मला सर्वांत आधी हीच उणीव सांगितली, आणि तिचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. बोहिन्यहून सोचा खोरे एका दिवसात होते, हे खरे असले, तरी ज्याला तिथला इतिहास पाहायचा आहे त्याच्यासाठी ते पुरेसे नाही. असाच आराखडा पुन्हा कोणी मागितला, तर मी बोहिन्यच्या चारपैकी एक रात्र काढून कोबारिदला देईन. तिथून पोस्तोयनामार्गे पिरान गाठणे सोपे आहे, रेल्वेचे वेळापत्रक आड येत नाही, आणि खिंड एकदाच ओलांडावी लागते. मुक्काम एकाने वाढेल आणि पावसासाठी राखलेला दिवस जाईल. ज्या गटात आजोबांसारखे कोणी नसेल, त्या गटाने मात्र चारही रात्री बोहिन्यलाच ठेवाव्यात.